डोकं दूर, हात घरात: टर्मिनलमध्ये एआय मदतनीस बसवताना

काळ्या खिडकीत एक ओळ चिकटवायची, एन्टर दाबायचं, अर्धा मिनिट अक्षरं पळताना बघायची आणि शेवटी ‘इन्स्टॉल झालं’ अशा अर्थाचा निरोप वाचून हुश्श करायचं. मग त्या मदतनिसाचं नाव टाइप करावं, तर टर्मिनल कोरडेपणानं सांगतं: ‘कमांड नॉट फाउंड’. आत्ता तर आला होता, गेला कुठे?

कमांड लाइनवर चालणारा एआय कोडिंग मदतनीस बसवताना बऱ्याच जणांना पहिली ठेच इथेच लागते. तिचा इलाज दोन मिनिटांचा आहे आणि तो पुढे सांगतोच. पण नुसता इलाज पाठ करून भागत नाही, कारण पुढची ठेच परवानगीवरून लागते, त्यापुढची किल्लीवरून, आणि सगळ्यात महागडी बिलावरून. म्हणून आधी हे बघू, की आपण संगणकावर बसवतो ते नेमकं असतं तरी काय.

बसतं ते काय

या जातीची साधनं आता बरीच झाली आहेत. एडर नावाचं मुक्त स्रोत साधन २०२३पासून आहे, ते पायथनमध्ये लिहिलेलं. अँथ्रॉपिकचं क्लॉड कोड फेब्रुवारी २०२५मध्ये चाचणीसाठी खुलं झालं, ओपनएआयचं कोडेक्स सीएलआय (सीएलआय म्हणजे कमांड लाइनवर चालणारं) त्याच वर्षी एप्रिलमध्ये आलं आणि गूगलचं जेमिनी सीएलआय जूनमध्ये. चेहरे वेगवेगळे, पण आतली रचना जवळपास सारखी.

यातलं काहीही बसवलं तरी ‘एआय’ म्हणावं असं तुमच्या डिस्कवर काहीच उतरत नाही. खरं डोकं, म्हणजे मॉडेल, दूरच्या डेटा सेंटरमध्ये, महागड्या चिपांच्या रांगांवर चालत असतं. तुमच्याकडे येतो तो एक मध्यस्थ प्रोग्राम. तुम्ही लिहिलं, ‘चाचण्या फेल होताहेत, का ते बघ’, की हा प्रोग्राम तुमचं वाक्य घेतो, त्यासोबत आपल्याला काय काय करता येतं त्याची यादी जोडतो (फाइल वाचता येते, बदलता येते, शोधता येतं, कमांड चालवता येते) आणि सगळं मॉडेलकडे पाठवतो. मॉडेल उलट सांगतं, ‘आधी या फोल्डरमधल्या फाइलींची यादी दे.’ प्रोग्राम यादी काढून पाठवतो. मग ‘अमुक फाइल वाचून दाखव’, मग ‘चाचण्या चालव’, मग ‘बेचाळिसावी ओळ अशी बदल’. असं दहा-वीस वेळा मागे-पुढे होतं आणि शेवटी तुम्हाला उत्तर दिसतं.

मॉडेल उंटावर बसून शेळ्या हाकतं. खाली धावतो तो हा छोटा प्रोग्राम, तुमच्या संगणकावर, तुमच्या नावानं, तुमच्याच अधिकारांत. डोकं दूर आणि हात घरात, हे एकदा लक्षात ठेवलं की बाकीच्या गोष्टी आपोआप जुळत जातात. जुना लॅपटॉपही चालतो, कारण जड काम तिकडे होतं. इंटरनेट गेलं की सगळं ठप्प, कारण डोकंच तुटतं. मदतनिसानं वाचलेली फाइल तुमच्या संगणकाबाहेर जाते, कारण वाचणारा बाहेर बसलाय. कामाच्या ठिकाणचा कोड असेल तर तो असा बाहेर पाठवायची मुभा आहे का, हे बसवण्याआधी विचारायचं. नंतर विचारणं म्हणजे वरातीमागून घोडं.

अपवाद आहे. ओलामासारख्या साधनानं लहान मॉडेल आपल्याच संगणकावर चालवता येतं आणि एडरसारखा मदतनीस त्याला जोडता येतो. मग काहीच बाहेर जात नाही. पण त्याला दणकट ग्राफिक्स कार्ड आणि भरपूर मेमरी लागते, आणि लहान मॉडेलची समज मोठ्याइतकी पोचत नाही. सुरुवातीलाच या वाटेनं जाऊ नये असं माझं मत.

आधीची तयारी

मॅकवर टर्मिनल उघडलं की आत झेड शेल असतं (शेल म्हणजे टाइप केलेल्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम). २०१९च्या कॅटालिना आवृत्तीपासून अ‍ॅपलनं तेच ठरवून टाकलंय. लिनक्सवर बहुधा बॅश. विंडोजवर पॉवरशेल, किंवा डब्ल्यूएसएल, म्हणजे विंडोजच्या पोटात चालणारं लिनक्स, जे २०१६पासून मिळतं. क्लॉड कोड विंडोजवर सुरुवातीला डब्ल्यूएसएलमधूनच चालायचं. थेट विंडोजवर चालायला लागलं ते २०२५च्या मध्यावर.

विंडोजवाल्यांनी एक गोष्ट आधीच ठरवून टाकावी: पॉवरशेल की डब्ल्यूएसएल. ही दोन वेगळी बिऱ्हाडं आहेत. एकीकडे बसवलेलं दुसरीकडे नीट चालेल असं गृहीत धरू नका. गंमत अशी, की डब्ल्यूएसएलला विंडोजकडचे प्रोग्राम अर्धवट दिसतात. त्यामुळे कधी कधी डब्ल्यूएसएलमध्ये बसून तुम्ही एनपीएम (पॅकेजं, म्हणजे प्रोग्रामांचे तयार गठ्ठे, उतरवून बसवणारं साधन) चालवता आणि प्रत्यक्षात चालतं ते विंडोजमधलं एनपीएम. मग असे विचित्र निरोप येतात, की माणूस संध्याकाळपर्यंत डोकं धरून बसतो. डब्ल्यूएसएल घेतलं तर प्रकल्पाच्या फाइलीही लिनक्सच्या बाजूलाच ठेवा. विंडोजच्या सी ड्राइव्हवर ठेवून तिकडून वाचायला गेलात, तर प्रत्येक फाइल दोन दुनियांच्या सीमेवरून ये-जा करते आणि काम रेंगाळतं.

गिट, म्हणजे फाइलींतल्या बदलांचा इतिहास सांभाळणारं साधन, असलंच पाहिजे. लिनस टोरवाल्ड्सनं २००५मध्ये लिनक्सच्या कामासाठी लिहिलेलं हे साधन मदतनिसाला लागतंच असं नाही, पण तुम्हाला लागतं. का, ते पहिल्या दिवसाच्या कामापाशी सांगतो.

आणायच्या वाटा

कमांड मी इथे मुद्दाम लिहून देत नाही. त्या बदलतात. आणि टर्मिनलमध्ये चिकटवायची ओळ कुणाच्याही लेखातून उचलू नये, माझ्यासुद्धा. बनवणाऱ्या कंपनीच्या अधिकृत पानावरून किंवा प्रकल्पाच्या मूळ भांडारातून घ्यावी, आणि त्या पानावर शोधयंत्राच्या जाहिरातीवरून पोचू नये. जानेवारी २०२५मध्ये होमब्रू या लोकप्रिय साधनाच्या नावानं जाहिरात देऊन लोकांना हुबेहूब नकली पानावर नेलं जात होतं, आणि तिथली ओळ चिकटवणाऱ्याच्या मॅकमध्ये पासवर्ड चोरणारा प्रोग्राम शिरत होता. पान बघून शंका यावी असं काही नव्हतं. पत्त्यात तेवढा फरक होता.

वाटा मोजक्या आहेत. पहिली एनपीएमची. नोड हे ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारं इंजिन, रायन डालनं २००९मध्ये काढलेलं. एनपीएम हा त्याचा पॅकेज मॅनेजर. वर सांगितलेल्या साधनांपैकी एडर सोडून बाकीची सुरुवातीला याच वाटेनं आली, त्यामुळे बहुतेक जुन्या मार्गदर्शनात एनपीएमचीच ओळ सापडते. इथे नोडची आवृत्ती बघावी लागते: कुणाला किमान १८ लागते, कुणाला २०. उबुंटू २२.०४च्या स्वतःच्या कोठारातून नोड घेतलं तर हातात पडतं १२. मग मदतनीस बसल्यासारखा दिसतो आणि सुरू करताच वाक्यरचनेची चूक दाखवून कोसळतो. दोष मदतनिसाचा नसतो, जुन्या इंजिनाला नवी भाषा कळत नसते. एनव्हीएमसारखं आवृत्ती सांभाळणारं साधन आधी बसवून त्यातून नोड घेतलं की हा प्रश्न मिटतो, आणि पुढचा एक प्रश्नही.

पुढचा प्रश्न म्हणजे सुडो, कमांड सर्वाधिकारी म्हणून चालवायला लावणारा शब्द. एनपीएमला ‘हे सगळीकडे वापरता येईल असं बसव’ म्हटलं की कधी कधी ते यंत्रणेच्या राखीव फोल्डरमध्ये लिहायला जातं आणि परवानगी नाही म्हणून अडतं. निरोपात ‘ई-अ‍ॅक्सेस’ असा शब्द दिसतो. मग हात आपसूक सुडोकडे जातो. मीही एकदा असंच केलं. त्या दिवशी झकास बसलं. महिनाभरानं मदतनीस स्वतःला अद्ययावत करायला गेला, तेव्हा त्याच्या स्वतःच्याच फाइली त्याला बदलता येईनात, कारण त्या माझ्या नावावर नव्हत्या, रूटच्या, म्हणजे यंत्रणेच्या सर्वाधिकाऱ्याच्या, नावावर होत्या. मग पुन्हा सुडो, पुन्हा नव्या फाइली रूटच्या नावावर. शेवटी सगळं उपटून नव्यानं बसवलं.

पण फाइली कुणाच्या नावावर गेल्या ही झाली डोकेदुखी. धोका वेगळाच आहे. एनपीएमचं पॅकेज उतरताना स्वतःची स्क्रिप्ट, म्हणजे कमांडची तयार यादी, चालवू शकतं. तुम्ही सुडो लावून बसवलं तर ती स्क्रिप्टही सर्वाधिकारी म्हणून चालण्याची शक्यता उभी राहते. अनोळखी माणसाला घरातलं कपाट दाखवायचं असेल तर अख्ख्या घराच्या किल्ल्यांचा जुडगा हातात देत नाहीत. म्हणून ‘ई-अ‍ॅक्सेस’ आला, की उत्तर सुडो नाही. एनपीएमला तुमच्याच होम फोल्डरमधली जागा नेमून द्या, किंवा एनव्हीएम वापरा, जे मुळातच सगळं तुमच्या घरात ठेवतं.

नाव टाइप करतानाही डोळे उघडे असू द्यावेत. मोठ्या कंपन्यांची पॅकेजं बहुधा ‘अ‍ॅट’ चिन्ह, कंपनीचं नाव, तिरकी रेघ आणि मग साधनाचं नाव अशी असतात. तो पुढचा भाग त्या कंपनीसाठी राखीव असतो. तो गाळून नुसतं साधनाचं नाव टाकलंत तर दुसऱ्याच कुणाचं पॅकेज उतरू शकतं, आणि एखादं अक्षर चुकण्याची वाट बघत बसलेली पॅकेजं एनपीएमवर वेळोवेळी सापडली आहेत.

दुसरी वाट आता जास्त चालते: तयार, स्वयंपूर्ण फाइल. क्लॉड कोडनं स्वतःचा वेगळा इन्स्टॉलर दिला. कोडेक्स सुरुवातीला टाइपस्क्रिप्टमध्ये होतं, ते काही महिन्यांतच रस्टमध्ये नव्यानं लिहिलं गेलं. अशा फाइलीला नोड लागत नाही, म्हणजे नोडच्या आवृत्तीची भानगडही नाही. ही वाट बहुधा एका ओळीच्या कमांडनं सुरू होते. त्या ओळीचा अर्थ असा: कर्ल नावाचा प्रोग्राम अमुक पत्त्यावरून एक स्क्रिप्ट आणतो, उभी रेघ ती स्क्रिप्ट थेट बॅशच्या तोंडात देते, आणि बॅश ती चालवतो. मध्ये तुम्ही कुठेच नाही. यावर जुने जाणते लोक नाकं मुरडतात आणि त्यांचं अगदीच चुकीचं नाही. माझं मत असं, की पत्ता खात्रीचा असेल तर एनपीएमच्या वाटेपेक्षा यात फार जास्त धोका आहे असं नाही. तिथेही परक्याची स्क्रिप्टच चालते. पण उभी रेघ आणि तिच्यापुढचं सगळं गाळून ओळ चालवली तर स्क्रिप्ट नुसती पडद्यावर दिसते. पाच मिनिटं वाचून बघायला काय हरकत आहे? बहुतेक वेळा त्यात एवढंच असतं: यंत्रणा कोणती ते बघ, योग्य फाइल आण, ठसा (फाइल मूळचीच आहे याची खूण) जुळतो का तपास, होम फोल्डरमध्ये ठेव.

मॅकवर होमब्रू आणि विंडोजवर विनगेट याही वाटा असतात. एडरसाठी पायथनच्या साधनांची वाट, तीही वेगळ्या कप्प्यात बसवणारी घ्यावी, म्हणजे तुमच्या इतर पायथन प्रकल्पांशी भांडण होत नाही.

पॉवरशेलमध्ये आणखी एक अडथळा हमखास येतो: ‘या यंत्रणेवर स्क्रिप्ट चालवणं बंद आहे’ अशा अर्थाचा लाल निरोप. घरगुती विंडोजवर स्क्रिप्टना मुळातच बंदी असते आणि एनपीएमची कमांड पॉवरशेलमध्ये स्क्रिप्ट म्हणूनच चालते. एक्झिक्युशन पॉलिसी, म्हणजे कोणती स्क्रिप्ट चालू द्यायची याचा नियम, ‘रिमोट साइन्ड’ करून, तीही फक्त चालू वापरकर्त्यापुरती, हा निरोप जातो. ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करायला सांगणारे सल्ले सापडतील. तेवढी गरज नसते.

गेला कुठे?

आता त्या पहिल्या ठेचेकडे येऊ. तुम्ही टर्मिनलमध्ये एखादा शब्द टाइप करता तेव्हा शेल अख्खी डिस्क धुंडाळत नाही. त्याच्याकडे पत्त्यांची एक यादी असते, तिचं नाव पाथ. यादीतल्या पहिल्या फोल्डरमध्ये त्या नावाची फाइल आहे का? नाही, मग दुसऱ्या. तिथेही नाही, तिसऱ्या. यादी संपली की ‘कमांड नॉट फाउंड’. एवढाच त्याचा अर्थ. ‘फाइल नाही’ असं शेल म्हणत नाही. ‘मला सांगितलेल्या पत्त्यांवर नाही’ असं म्हणतं.

इन्स्टॉलरनं फाइल नीट ठेवलेली असते, पण ज्या फोल्डरमध्ये ठेवली ते यादीत नसतं. किंवा, आणि हे तर फारच नेहमीचं, इन्स्टॉलरनं यादीत पत्ता घातलेलाही असतो, पण तो शेलच्या सुरुवातीच्या फाइलीत. झेड शेल ती उघडताना एकदाच वाचतं. तुमची खिडकी इन्स्टॉलच्या आधीपासून उघडी आहे, तिच्याकडे जुनीच यादी. म्हणून पहिला इलाज: टर्मिनल बंद करून पुन्हा उघडा. एडिटरच्या आतलं टर्मिनल वापरत असाल तर अख्खा एडिटर बंद करून उघडा, कारण आतल्या टर्मिनलला यादी एडिटरकडून वारशानं मिळते.

तरीही सापडला नाही, तर इन्स्टॉलरनं शेवटी काय छापलं होतं ते वर सरकून वाचा. फाइल कुठे ठेवली आणि कोणती ओळ कुठे घालायची, हे तिथे बहुधा लिहिलेलं असतं आणि आपण आनंदात ते वाचलेलं नसतं.

याच्या उलटी अडचण जास्त छळते: एकाऐवजी दोन मदतनीस. आधी एनपीएमनं बसवला, मग नवा इन्स्टॉलर चालवला. पाथमध्ये जो आधी तो चालतो, दुसरा नुसता पडून राहतो. तुम्ही अद्ययावत करता एकाला, चालवता दुसऱ्याला, आणि आवृत्तीचा आकडा काही हलत नाही. ‘विच’ कमांडला ‘सगळे दाखव’ म्हटलं की दोन्ही पत्ते दिसतात; पॉवरशेलमध्ये ‘गेट कमांड’ तेच काम करतं. जुना असेल तो ज्या वाटेनं आला त्याच वाटेनं काढायचा. क्लॉड कोडमध्ये तर ‘डॉक्टर’ नावाची कमांडच आहे, ती आपलं आपण तपासून कुठे काय दुखतंय ते सांगते.

ओळख पटवणं आणि बिल

पहिल्यांदा सुरू केलं की मदतनीस विचारतो, तुम्ही कोण? इथे दोन रस्ते फुटतात आणि पैशाच्या दृष्टीनं ते अगदी वेगळे आहेत.

एक, खात्यानं लॉगिन. ब्राउझर आपोआप उघडतो, तुम्ही ‘हो, याला परवानगी आहे’ म्हणता, आणि पान सांगतं की आता टर्मिनलकडे परत जा. त्या काही क्षणांत मदतनीस तुमच्याच संगणकावर एक दार किलकिलं करून ब्राउझरच्या निरोपाची वाट बघत असतो. दूरच्या सर्व्हरवर एसएसएचनं शिरून बसवत असाल तर हे जुळत नाही: दार तिकडच्या यंत्रावर, ब्राउझर तुमच्यासमोर. अशा वेळी साधनं एक लांबलचक पत्ता किंवा कोड दाखवतात, तो हातानं इकडून तिकडे न्यायचा.

दोन, एपीआय किल्ली, म्हणजे प्रोग्रामला कंपनीच्या मॉडेलकडे थेट जाऊ देणारा परवाना. ही एक लांब अक्षरमाळ असते आणि तिला पासवर्डपेक्षा जास्त जपावं, कारण ती ज्याच्या हाती लागेल त्याचा वापर तुमच्या बिलावर चढतो. ती शेलच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये, म्हणजे शेल प्रोग्रामांना पुरवतं त्या नोंदीत, ठेवतात. प्रकल्पाच्या फाइलीत ठेवावीच लागली तर ती फाइल गिटच्या दुर्लक्ष-यादीत आधी घाला, किल्ली नंतर लिहा. उलट क्रमानं केलं आणि मध्ये एखादी कमिट (बदलांची गिटमधली नोंद) झाली, की ती किल्ली इतिहासात कोरली जाते. नंतर फाइल पुसली तरी जुन्या कमिटमध्ये ती वाचता येते. तसं झालंच तर पुसत बसू नका, किल्ली रद्द करून नवी काढा.

किल्लीच्या रस्त्यावर बिल टोकनांवर ठरतं. टोकन म्हणजे मजकुराचा तुकडा, कधी शब्द, कधी शब्दाचा भाग. पाठवलेले टोकन मोजतात, आलेलेही मोजतात. मॉडेलला स्वतःची अशी आठवण नसते, त्यामुळे प्रत्येक फेरीला आधीचं सगळं संभाषण पुन्हा पाठवावं लागतं. विसावी फेरी म्हणजे आधीच्या एकोणीस फेऱ्यांचं ओझं पाठीवर घेऊन निघालेली. पुन्हा येणारा भाग स्वस्तात मोजायची सोय बऱ्याच कंपन्यांनी केली आहे, तरी काम संपलं की नवं संभाषण सुरू करण्याची सवय खिशाला बरी पडते. मराठीत सांगितलेलंही या मॉडेलांना छान कळतं, फक्त देवनागरी मजकुराचे टोकन तेवढ्याच अर्थाच्या इंग्रजीपेक्षा जास्त पडतात. तुमच्या सूचना चार ओळींच्या आणि कोड हजार ओळींचा, तिथे या फरकानं बिल फारसं हलत नाही. बिनधास्त मराठीत बोला.

सापळा असा: तुम्ही महिन्याच्या वर्गणीनं लॉगिन केलंय, पण शेलमध्ये जुनी एपीआय किल्लीही पडून आहे. काही साधनं अशा वेळी किल्लीला आधी मान देतात. तुम्हाला वाटतं वर्गणीत चाललंय, आणि तिकडे किल्लीवर वेगळा मीटर फिरतोय. मदतनिसाला स्थिती विचारणारी कमांड असते, ती एकदा चालवून नेमकं कुठल्या ओळखीनं काम चाललंय ते बघा, आणि किल्ली वापरणारच असाल तर कंपनीच्या पानावर खर्चाची मर्यादा आजच घालून ठेवा.

पहिला दिवस

मदतनीस सुरू करण्याआधी ‘सीडी’ करून प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये जा. ही बारीकसारीक गोष्ट नाही. ज्या फोल्डरमध्ये तुम्ही त्याला सुरू करता ते तो आपलं शेत समजतो. होम फोल्डरमध्ये सुरू केलात तर तुमची कागदपत्रं, फोटो, एसएसएचच्या किल्ल्या, सगळंच शेत झालं. बरीचशी साधनं नव्या फोल्डरमध्ये पहिल्यांदाच ‘यावर विश्वास आहे ना?’ असं विचारतात. तिथे एन्टर मारण्याआधी पडद्यावरचा पत्ता वाचा.

मग गिट. काम सुरू करण्याआधी सगळं कमिट करून पाटी कोरी करून घ्या. मदतनिसानं सात फाइलींत हात घातला आणि तुम्हाला ते पटलं नाही, तर मागे येणं एका कमांडचं काम होतं. एडर तर स्वतः केलेला प्रत्येक बदल आपणहून कमिट करतो. बाकीच्यांना ती शिस्त तुम्हीच लावायची.

पहिलं काम वाचायचं द्या: हा प्रकल्प काय करतो, सुरुवात कुठून होते, चाचण्या कशा चालवायच्या. त्याचं उत्तर तुम्हाला माहीत असलेल्या गोष्टींशी ताडून बघता येतं, आणि बिघडण्यासारखं काही नसतं. नंतर प्रकल्पातल्या सवयी एका साध्या मजकूर-फाइलीत लिहून ठेवा: अमुक कमांडनं चाचण्या चालवा, तमुक फोल्डरला हात लावू नका. क्लॉड कोड ‘क्लॉड डॉट एमडी’ नावाची फाइल वाचतो, जेमिनी ‘जेमिनी डॉट एमडी’, कोडेक्स ‘एजंट्स डॉट एमडी’. ही फाइल दर वेळी मॉडेलकडे जाते, म्हणून थोडक्यात लिहा.

आता परवानग्या. काहीही बदलण्याआधी, कमांड चालवण्याआधी मदतनीस थांबून विचारतो. साधन आणि त्याची ठेवण यांनुसार हे कमी-जास्त असतं, पण मूळ वळण तेच. पहिल्या तासाभरात याचा कंटाळा येतो. ‘हो’, ‘हो’, ‘हो’, आणि मग नजर जाते त्या पर्यायाकडे, ज्यात काहीही न विचारता सगळं करू देता येतं. प्रत्येक साधनात तो आडवाटेला ठेवलेला असतो आणि क्लॉड कोडमध्ये तर त्याच्या नावातच ‘धोकादायक’ हा शब्द आहे. जेमिनीमध्ये त्याला ‘योलो’ म्हणतात.

हा पर्याय किती महाग पडू शकतो याचं एक उदाहरण सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. ऑगस्ट २०२५च्या अखेरीस एनएक्स या खूप वापरल्या जाणाऱ्या पॅकेजच्या काही दूषित आवृत्त्या एनपीएमवर चढवल्या गेल्या. पॅकेज उतरताना चालणाऱ्या स्क्रिप्टमध्येच चोर बसवला होता. किल्ल्या आणि पासवर्ड शोधायचं काम तर त्यानं केलंच, पण त्यासाठी त्यानं काय केलं? संगणकावर आधीच बसवलेला एआय मदतनीस आहे का ते बघितलं, क्लॉड, जेमिनी, जो सापडेल तो, आणि त्याला ‘विचारू नकोस’ हा पर्याय लावून कामाला जुंपलं: शोध या डिस्कवरच्या मौल्यवान फाइली. चोरानं सोबत वाटाड्या आणलाच नाही, घरचाच वापरला. मदतनीस सदोष होता असं नाही. त्याचे हात घरात होते आणि घरात शिरलेल्याच्या हुकमावर ते हलले, इतकंच.

दुसरा धोका आणखी साधा आहे. मदतनीस जे वाचतो, ते सगळं मॉडेलच्या दृष्टीनं मजकूरच. तुमची सूचना आणि एखाद्या परक्या प्रकल्पाच्या माहिती-फाइलीत दडवलेली सूचना यांत त्याला भक्कम भिंत घालता येत नाही. ‘प्रॉम्प्ट इंजेक्शन’ हे नाव याला सायमन विलिसन यांनी २०२२मध्ये दिलं, आणि मॉडेलं पुष्कळ सुधारली तरी हा प्रश्न मुळापासून सुटलेला नाही. म्हणून इंटरनेटवरून उतरवलेल्या अनोळखी कोडवर मदतनीस सोडायचा असेल तर त्याला कुंपण घाला. कोडेक्स मॅकवर आणि लिनक्सवर यंत्रणेचीच कुंपणं वापरतो, म्हणजे नेमलेल्या फोल्डरबाहेर लिहिणं आणि नेटवर्क हे मुळातच अडवलेलं असतं. इतर साधनांसाठी कंटेनर हा खात्रीचा उपाय: आत फक्त तेवढा प्रकल्प, बाकी घर बाहेर. ‘काहीही विचारू नकोस’ हा पर्याय वापरायचाच झाला तर अशा बंद खोलीत वापरा.

सगळ्या परवानग्या सारख्या नसतात, हेही खरं. फाइल वाचणं, चाचण्या चालवणं अशा ठरावीक कमांडना ‘या प्रकल्पात नेहमी चालेल’ असं सांगून टाकलं की कटकट बरीच कमी होते. पुसणारी, पुश करणारी (गिटमधलं काम सर्व्हरवर चढवणारी), बाहेर काही पाठवणारी कमांड आली की मात्र ओळ पूर्ण वाचायची. लांब ओळीच्या शेवटी काय लपलंय ते तर नक्कीच.

काढून टाकायचा झाला तर

न आवडल्यास काढणं सोपं आहे, ज्या वाटेनं आला त्याच वाटेनं. फक्त प्रोग्राम गेला म्हणजे सगळं गेलं असं नसतं. होम फोल्डरमध्ये टिंबानं सुरू होणाऱ्या नावाचं एक फोल्डर मागे राहतं आणि ते साध्या यादीत दिसत नाही. त्यात मांडणी असते, जुनी संभाषणं असू शकतात आणि कधी कधी लॉगिनचा परवानाही. आधी मदतनिसातून लॉगआउट करा, मग तो काढा, मग ते फोल्डर पुसा. शेलच्या सुरुवातीच्या फाइलीतली किल्लीची ओळ काढून टाका. आणि ब्राउझरमधून कंपनीच्या पानावर जाऊन ती किल्ली रद्द करा. तुमच्या संगणकावरून पुसली गेली तरी तिकडे ती चालूच असते.